जत्रेआधीचा स्लॅब

मुळगावातलं आमचं घर रस्त्याला इतकं लागून होतं की खाणीचे ट्रक सुरू झाले की मांडणीवरची भांडी आपसात बोलायला लागायची. त्या ट्रकांपैकी एक माझे बाबा चालवायचे. उजाडायच्या आत ते निघून जायचे, आणि मग थोड्या वेळानं दुसरा आवाज यायचा, सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराच्या भोंप्याचा. आई त्याच्याकडून उंडे घ्यायला अंगणात जायची तेव्हा तुळशीची पानं आधी पदरानं पुसायची, कारण रात्रीतून त्यांच्यावर लाल धूळ बसलेली असायची. मग ती आदोळीवर बसून नारळ खवायला लागायची. खर्र-खर्र असा तो आवाज ऐकला की मला आजही भूक लागते. सकाळी उंडा आणि चहा, दहाच्या सुमाराला उकड्या तांदळाची पेज, सोबत लोणच्याची फोड किंवा सुक्या बांगड्याची किसमूर. मी या घरातली पहिली पदवीधर. आई माझ्या इंजिनिअरिंगच्या पदवीला शेवटपर्यंत 'ती मोठी परीक्षा' म्हणत राहिली. ती परीक्षा मला देता यावी म्हणून गावच्या शाळेतल्या बाईंनी सुट्टीत बसवून गणित शिकवलं, बाबांनी सुट्टीच्या दिवशीही ट्रकवर जादा फेऱ्या केल्या. त्यांची आठवण काढल्याशिवाय माझ्या कामाबद्दल मला काही सांगताच येत नाही.

काम मिळालं ते डिचोलीच्या बाजारात, एका शिंप्याच्या दुकानाच्या माडीवर. विश्रामबाब म्हणून एक ठेकेदार होते. विहिरी, कुंपणाच्या भिंती, एखादं घर असली कामं करून हातात कसब आलेलं, आणि आता मोठ्या इमारतींची टेंडरं भरायची हौस लागलेली. हौस दांडगी होती, पण टेंडर एकही मिळत नव्हतं. मी जायच्या आधी सलग कितीतरी टेंडरं त्यांच्या हातून गेली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, "बाय, तुका मी ठेवतां ती अंदाजपत्रकां करपाक. पुढचं टेंडर लागलं तर ऑफिस राहणार. ना लागलं तर ही खुर्ची, हें मेज, सगळें घरा व्हरतां आनी परत विहिरी खणतां." मेजावर एक टाइपरायटर होता आणि खाली शिंप्याच्या मशीनचा आवाज सतत चालू असायचा. मला ते ऑफिस राजवाड्यासारखं वाटलं.

त्यांची अंदाजपत्रक करायची रीत अशी. खोदाई किती, चिऱ्यांची भिंत किती, काँक्रीट किती, हे मोजायचं, प्रत्येकाला दर लावायचा, बेरीज करायची, आणि शेवटी वेळेसाठी म्हणून अंदाजानं थोडा वरचा बोजा टाकायचा. मी विचारलं, "विश्रामबाब, काम किती दिवसांत होणार?" ते हसले. "दिवस देवाच्या हातांत. तूं आधी दर घाल. दिवस मागीर बघूंया." मला हे पटेना. कॉलेजात एका सरांनी आम्हांला फळ्यावर आडव्या पट्ट्या काढून दाखवल्या होत्या. एकेक काम म्हणजे एकेक पट्टी, कोणतं आधी, कोणतं नंतर, कोणती दोन शेजारी-शेजारी चालतील. वर्गातली बाकीची मुलं डुलक्या घेत होती आणि मी मात्र ताठ बसले होते. बांधकामात सिमेंट आणि चिरे पैसे खातातच, पण निम्म्या गोष्टी नुसत्या वेळेवर जगतात. भाड्याचा मिक्सर, ओल्या स्लॅबला खालून टेकू देणाऱ्या सेंट्रिंगच्या बल्ल्या नि फळ्या, राखणदार, देखरेख करणारा माणूस. काम महिनाभर लांबलं की हे सगळे महिनाभर बसून खातात. म्हणजे आधी वेळ ठरवल्याशिवाय किंमत ठरतच नाही. टेंडर भरायच्या आधी, कच्चं का होईना, वेळापत्रक हवंच.

तेवढ्यात आमच्या पुढच्याच गावातल्या शाळेचं टेंडर निघालं. एकमजली इमारत, चिऱ्यांच्या भिंती, वर सपाट स्लॅब. गावच्या संस्थेची शाळा होती ती. अट एकच, पण जबरदस्त. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा मुलं नव्या वर्गांत बसली पाहिजेत. विश्रामबाब टेंडरचे कागद पंख्यासारखे हलवत म्हणाले, "हें होवपाचें ना. पावसाळा मध्ये येतलो. सगळेच लोक पावसाळ्यानंतरची तारीख घालतले, आपणही घालूंया." मी म्हटलं, "मला चार दिवस द्या." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "घे. नाहीतरी दुसरें काम कितें आसा?"

बाबांना टायरवाल्याकडून, पेट्रोल पंपाकडून दरवर्षी कॅलेंडरं मिळायची. जुनी कॅलेंडरं आईनं धान्याच्या डब्यांखाली घालायला जपून ठेवलेली. ती मी काढली, पाठीकडून खळीनं एकमेकांना जोडली आणि ओसरीभर पसरेल असा एक लांबलचक कागद तयार केला. त्यावर महिने आखले. मग कामांच्या पट्ट्या कापल्या. त्या चिकटवल्या नाहीत, नुसत्या ठेवल्या, म्हणजे मागेपुढे सरकवता येतील. आई म्हणाली, "भातुकली मांडलीस काय गो?" दिसत होतं तसंच. आता माझी नात्यातली एक मुलगी हेच काम संगणकावर करते, एक पट्टी ओढली की बाकीच्या आपोआप सरकतात. मला ते फार आवडतं. पण ओसरीवर गुडघे टेकून, वाऱ्यानं पट्ट्या उडू नयेत म्हणून त्यांच्यावर सुपाऱ्या ठेवत केलेल्या त्या पहिल्या वेळापत्रकाची मजा काही वेगळीच होती.

पट्ट्या मांडल्यावर लक्षात आलं की मला कामं माहीत आहेत, माणसं माहीत नाहीत. भिंती बांधणारे मेस्त आमच्याच भागातले. शिगमा आला की ते ढोल घेऊन निघणार, तेव्हा त्यांना कामावर बोलावणं म्हणजे स्वतःचा अपमान करून घेणं. ते दिवस मी आधीच कोरे सोडले होते. सेंट्रिंग आणि काँक्रीट करणारी टोळी मात्र चंदगडकडची. त्यांचा मुकादम मारुती, त्याची बायको रखमा आणि त्यांच्या भावकीतली दहा-पंधरा माणसं. विश्रामबाबांचं एक छोटं काम कारापूरला चालू होतं, तिथं ही मंडळी पत्र्याच्या खोल्यांत राहत होती. मी कॅलेंडराचा कागद गुंडाळी करून काखेत मारला आणि बसनं कारापूर गाठलं.

मारुती बल्ली तासत होता. मी विचारलं, "मारुतीभाऊ, उन्हाळ्यात तुम्ही गावाकडे कधी जाता?"

त्याची तासणी थांबली. "आमी? आमी कुठं जातोय वो बाई. काम टाकून गाव कसला?"

"यात्रा वगैरे?"

"यात्रा-बित्रा काय नाय. काम म्हणजे काम."

चुलीवर भाकरी थापत असलेली रखमा तिथूनच म्हणाली, "नाय कसं म्हणतासा? औंदा लक्ष्मीची यात्रा हाय न्हवं? कैक वर्सांनी भरायलीया. लेकी-जावयांस्नी सांगावं गेल्यात. नवं लुगडं पेटीत पडलंय माज्या. लक्ष्मी गाड्यावर बसणार आन तुमी हतं फळ्या ठोकत बसणार व्हय?"

मारुतीनं तिच्याकडे असं बघितलं की मला हसू आवरेना. मग तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "बाई, आधी सांगितलं तर काम दुसऱ्या टोळीला जातंय. म्हणून सांगत नसतोय कोण. दिवस आला की गुपचूप एस्टीत बसायचं."

सगळ्या ठेकेदारांना हे माहीत असायचं, सगळ्या टोळ्यांनाही. दोन्हीकडून न बोलता चाललेला तो रिवाजच होता. टोळी जायची, ठेकेदार शिव्या घालायचा, काम अडायचं, आणि पुढच्या टेंडरात वेळेचा बोजा आणखी वाढायचा. मी जमिनीवर कागद पसरला आणि म्हटलं, "काम तुमचंच राहील. मला फक्त दिवस सांगा. कधी जाणार, कधी येणार." मारुतीनं चैत्राच्या शेवटाकडे बोट ठेवलं, तिथून पुढे सरकवलं. मी लाल कागदाची पट्टी कापून तिथं ठेवली.

"लाल का वो?" तो दचकला. "पगार कापायचाय?"

"नाही, यात्रा विसरू नये म्हणून."

"आमची यात्रा न विसरणारा ठेकेदार पयल्यांदाच बघायलो," रखमा म्हणाली आणि एक गरम भाकरी, वर मिरचीचा ठेचा, माझ्या हातावर ठेवली. त्या ठेच्यानं माझे कान लाल झाले आणि ती टोळी मनसोक्त हसली.

पण घरी येऊन लाल पट्टी मांडल्यावर माझा चेहरा पडला. ती बरोबर कामाच्या मधोमध आडवी येत होती. ऐन उन्हाळ्यात सेंट्रिंगची टोळी गावाला, म्हणजे स्लॅब त्यांच्या परतण्यानंतर, म्हणजे गिलावा आणि फरशी पावसात, म्हणजे शाळा दिवाळीला. विश्रामबाबांचं खरं होत होतं. रविवारची दुपार होती, आई आत अळसांदे निवडत होती, बाबा ओसरीच्या कोपऱ्यात लवंडले होते. मी पट्ट्या मागे-पुढे करत होते. स्लॅब ओतून झाल्यावर एक पट्टी असते, तिच्यावर मी लिहिलं होतं, 'हात लावायचा नाही'. काँक्रीट ओतलं की खालच्या बल्ल्या लगेच काढता येत नाहीत. स्लॅबला स्वतःचा भार स्वतः पेलायला येईपर्यंत थांबावंच लागतं, वर पाणी मारत राहायचं. त्या दिवसांत सेंट्रिंगच्या टोळीला काहीच काम नसतं. ती नुसती बसून असते.

मी ती पट्टी उचलली आणि सहज लाल पट्टीवर ठेवली. दोन्ही जवळपास एकाच लांबीच्या होत्या!

मी इतक्या मोठ्यानं ओरडले की बाबा उठून बसले आणि आई सुपासकट बाहेर आली. "कितें झालें गो? कोण गेलें?"

"आई, स्लॅब जत्रेच्या आधी ओतायचा! ते जत्रेला जातील आणि स्लॅब इथं पिकेल!"

आई बाबांना म्हणाली, "हिका ऊन लागलां."

मला ऊन लागलं नव्हतं. मी भराभर मागं सरकत गेले. स्लॅब जत्रेआधी हवा, तर भिंती शिगम्यापूर्वी पुऱ्या व्हायला हव्यात. मेस्त शिगम्याला गेले की ते दिवस सेंट्रिंग लावायला मोकळे, कारण चंदगडवाल्यांना आमच्या शिगम्याशी देणंघेणं नाही. आणि स्लॅब ओतला की त्यांची यात्रा. एकाचा सण चालू असताना दुसऱ्याचं काम चालणार होतं. कुणाचाही सण न मोडता काम पावसाच्या आत संपत होतं! बल्ल्यांचं भाडं, मिक्सर, राखणदार, सगळ्यांचे दिवस कमी झाले आणि आकडा खाली आला. तो कुणाच्या पोटाला चिमटा काढून नाही आला, नुसत्या पट्ट्या सरकवून आला. आयुष्यात पुढं मी पूल पाहिले, धरणाच्या कामाचे हिशेब केले, पण त्या रविवारच्या दुपारी झाला तसा आनंद क्वचितच पुन्हा झाला.

विश्रामबाबांनी तो कागद मेजावर बराच वेळ पाहिला. मग टोपी काढून डोकं खाजवलं. "आनी ते परत येवचे ना जाल्यार?"

"म्हणून परतण्याच्या पुढं थोडी जागा कोरी ठेवलीय."

"थोडी म्हणजे कितली?"

"तुम्ही श्वास रोखून धरू शकाल तेवढी," मी म्हटलं, आणि ते पोट धरून हसले. टेंडर तसंच गेलं. उघडलं तेव्हा पावसाळ्याआधीची तारीख देणारे आम्ही एकटेच होतो, आणि किंमतही आमचीच कमी. संस्थेच्या लोकांना आधी शंका आली. त्यांनी बोलावून विचारलं. विश्रामबाबांनी मला पुढं ढकललं, "तूं सांग." मी शाळेच्या जुन्या वर्गात बाकं जोडून कागद पसरला. सांगून संपल्यावर संस्थेचे म्हातारे अध्यक्ष लाल पट्टीवर काठी टेकवून म्हणाले, "टेंडरात देवीची जत्रा आमी पयलेच खेपे देखतात." काम आम्हांला मिळालं.

इथपर्यंत सगळं गोड होतं. भिंती जोत्याच्या वर गेल्या त्याच सुमाराला पणजीच्या एका सरकारी कचेरीतून माझ्या नावाची ऑर्डर आली. परीक्षा मी कॉलेज संपतानाच दिली होती आणि विसरूनही गेले होते. कारकुनाची कायम जागा. बाबांनी ऑर्डर देवासमोर ठेवली. दिवसभर ट्रकवर जो भेटेल त्याला त्यांनी सांगितलं असावं, कारण संध्याकाळी पोदेरसुद्धा माझं अभिनंदन करून गेला. हजर व्हायची शेवटची तारीख पाहिली आणि मला कळलं की ती लाल पट्टीच्या आत पडते. टोळी गावाला गेलेली असेल, जागेवर चिटपाखरू नसेल, आणि माझं वेळापत्रक खरं की खोटं हे कुणालाच कळलेलं नसेल, तेव्हा मला ठरवायचं होतं. विश्रामबाबांना विचारलं तर ते प्रामाणिकपणे म्हणाले, "बाय, पेन्शन मी दिवंक शकना. मारुती परत येयना जाल्यार हें ऑफिसय दिवंक शकना. तूं पणजीक वच."

स्लॅबचा दिवस मात्र मी विसरणार नाही. सकाळपासून मिक्सर धडधडत होता, घमेल्यांची रांग जमिनीपासून शिडीवरून थेट वर, हातातून हातात, आणि रखमा रांगेच्या मधोमध उभी राहून सगळ्यांना डिवचत होती, "ए बापू, घमेलं हाय ते, नवरी न्हवं, पटदिशी सोड!" मध्येच मिक्सर बंद पडला. स्लॅब अर्धा ओतून थांबवता येत नाही, नाहीतर जोडात कायमचा कच्चेपणा राहतो. मारुतीनं क्षणभरही विचार केला नाही. पत्रे अंथरले, फावडी घेतली, हातानं कालवायला सुरुवात केली. विश्रामबाबांनी सदरा काढून खुंटीला लावला आणि स्वतः फावडं धरलं. मीही ओचा खोवून रांगेत उभी राहिले. पहिलं घमेलं हातात आलं तेव्हा वाटलं खांदा निखळला, मग सवय झाली. दुपारी मिक्सर पुन्हा खोकत खोकत सुरू झाला तेव्हा सगळ्यांनी आरोळी ठोकली. ऊन कलायच्या आत शेवटचा कोपरा भरला. विश्रामबाबांच्या घरून कोंबडीची शाकुती आणि टोपलीभर उंडे आले, आणि सिमेंट लागलेल्या हातांनी आम्ही जेवलो. दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी डिचोलीच्या स्टँडवरून निघाली. मी पोचवायला गेले होते. रखमानं नवं लुगडं नेसलं होतं, पण पायांच्या टाचांवर सिमेंट तसंच होतं. "येतोय बाई," मारुती खिडकीतून म्हणाला. त्यानं दिवस सांगितला नाही. मीही विचारला नाही.

मग ती शेवटची तारीख आली. बाबांनी रजा काढली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता, शेजाऱ्याची स्कूटर मागून आणली होती. आईनं माझ्या पिशवीत डबा ठेवला. निघाल्यावर मी म्हटलं, "बाबा, वाटेत शाळेकडे थांबूया." ते थांबले. जागेवर शुकशुकाट होता. मेस्त विश्रामबाबांच्या दुसऱ्या कामावर, एका विहिरीवर गेलेले. स्लॅबखाली बल्ल्यांचं रान उभं होतं आणि वर गावातली एक बाई पाणी मारत होती, तेवढंच. बाबांनी चारी बाजूंना पाहिलं.

"लोक म्हणतात काम बंद पडलां," ते हळू म्हणाले. "हाच्या भरवशार तूं सरकारी नोकरी सोडतलंय?"

"बंद नाही बाबा. चालू आहे."

"कोण करता?"

मी त्यांना शिडीवरून वर नेलं. काँक्रीटवर पाणी साचवण्यासाठी मातीचे छोटे बांध घातले होते, भाताच्या वाफ्यांसारखे. मी म्हटलं, "यालाच दिवस लागतात. माणसं असती तरी नुसती बसली असती. ते गावाला आनंद करतायत आणि इथं स्लॅब घट्ट होतोय. मी हे आधी ठरवलं होतं, बाबा, कागदावर. अगदी असंच." टोळी परत येईल याचा पुरावा माझ्यापाशी नव्हता. होता तो फक्त कागदावरचा हिशेब, आणि तो मला पटलेला होता. मी म्हटलं, "मला पणजीला नको जायला. मला हेच करायचंय."

बाबा खाली वाकले, बांधातल्या पाण्यात बोटं बुडवली, ओलं काँक्रीट चाचपलं. ट्रकवर रोज दुसऱ्या कुणीतरी ठरवलेल्या फेऱ्या मारणारा माणूस तो. आधी ठरवतं कोण, हे त्यांनी कधी पाहिलं नसावं. मला वाटलं, आता रागावतील. मग त्यांनी विचारलं, "ह्याच्या मागीर कितें आसा तुज्या कागदार?"

"गिलावा. पण त्याच्याआधी दारं-खिडक्या आलेल्या हव्यात. दारं-जनेलं पेडण्याच्या सुताराकडे दिलीत. तयार झाली की नाही, आज बघायला हवं."

मारुती आणि त्याची टोळी परत आली, हे इथंच सांगून टाकते. ठरल्यापेक्षा एक दिवस उशिरा, आणि प्रसादाच्या गूळ-खोबऱ्याच्या पिशवीसकट. पावसाची पहिली सर आली तेव्हा आत मुलं बाकं लावत होती. पण स्कूटरवर बसताना यातलं मला काहीच माहीत नव्हतं. म्हापशाच्या तिठ्यावर बाबांनी वेग कमी केला. पणजीचा रस्ता डावीकडे होता. मी त्यांच्या पाठीमागे श्वास धरून बसले होते. त्यांनी उजवा हात बाहेर काढला, मागच्या ट्रकवाल्याला थांबवलं, आणि स्कूटर पेडण्याकडे वळवत वाऱ्यातून ओरडून विचारलं, "जनेलां कितलीं, बाय? मोजून घेवंक जाय!"